तापलेली मोटार पुन्हा सुरू का होत नाही?
(निदानशास्त्राचा एक धडा)

यंत्र बंद पडले की ते दुरुस्त करण्याची घाई सर्वांनाच होते. ते का बंद पडले हे शोधण्याची उत्सुकता मात्र थोड्यांनाच असते. वस्तुतः दुरुस्ती ही निदानावर अवलंबून आहे. निदान चुकले की 'रोग रेड्याला आणि औषध पखालीला' असा प्रकार घडतो, पैसा जातो, वेळ जातो आणि रोग जागच्या जागी राहतो. या गोष्टीचे एक उत्तम उदाहरण जुन्या इंजेक्शनच्या क्रीडा-मोटारींत सापडते. सकाळी थंड असताना ही मोटार पहिल्याच झटक्यात सुरू होते. पन्नास मैल धावूनही तिची तक्रार नसते. पण वाटेत पंधरा-वीस मिनिटे थांबवून पुन्हा सुरू करू लागलो की ती हटून बसते. तास-दोन तासांनी, काहीही न करता, ती आपोआप शहाण्यासारखी सुरू होते! हे असे का व्हावे, याचा विचार आपण प्रस्तुत लेखात पदार्थविज्ञानाच्या साहाय्याने करू.

इंदूर आणि मोटारी

इंदूरकरांना हा विषय परका वाटू नये. महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांच्या मोटारी जगप्रसिद्ध होत्या. त्यांच्यासाठी १९३५ साली बांधलेली नारिंगी व काळ्या रंगाची 'ड्यूसेनबर्ग एस. जे.' ही मोटार आजही मोटारींच्या इतिहासात आदराने उल्लेखिली जाते. तिचे यंत्र अमेरिकेतील आणि बाह्यांग लंडनच्या गर्नी नटिंग या कारागीर-मंडळीचे होते. पुढे काळ बदलला. आज इंदूरपासून जवळच, धार जिल्ह्यातील पीथमपूर येथे 'नॅट्रॅक्स' ही मोटारींची राष्ट्रीय चाचणी-संस्था उभी आहे. तिच्या ११.३ किलोमीटर लांबीच्या अतिवेगवान धावपट्टीचे उद्घाटन २९ जून २०२१ रोजी झाले. राजवैभवाच्या मोटारींपासून प्रयोगशाळेतील मोटारींपर्यंतचा हा प्रवास म्हणजे एका अर्थी हौसेपासून शास्त्रापर्यंतचा प्रवास होय.

कार्ब्युरेटर आणि इंजेक्शन

पेट्रोल द्रवरूपात जळत नाही. त्याची वाफ हवेत योग्य प्रमाणात मिसळली तरच ठिणगीने ती पेटते. वजनाने पाहता एक भाग पेट्रोलास सुमारे पावणेपंधरा भाग हवा लागते. हे मिश्रण तयार करण्याचे जुने साधन म्हणजे कार्ब्युरेटर. त्यात आत शिरणारी हवा स्वतःच एका लहान वाटीतून पेट्रोल ओढून घेते. महाराजांच्या ड्यूसेनबर्गमध्ये हेच साधन होते, आणि पुढे आपल्या रस्त्यांवर अनेक वर्षे राज्य करणाऱ्या अँबॅसडर व फियाट गाड्यांतही हेच होते.

इंजेक्शनची तऱ्हा निराळी. येथे पंप पेट्रोलवर दाब देतो आणि बारीक तोंडाच्या पिचकाऱ्यांतून त्याचा फवारा मोजून इंजिनाला पुरवतो. या पिचकाऱ्यांनाच इंजेक्टर म्हणतात. १९५४ साली लोकांपुढे आलेली 'मर्सिडीज-बेंझ ३०० एस. एल.' ही पेट्रोलच्या थेट इंजेक्शनाचे फोर-स्ट्रोक इंजिन असलेली, मालिकेने तयार झालेली पहिली मोटार होय. पंखासारखे वर उघडणारे तिचे दरवाजे अनेकांनी चित्रांत पाहिले असतील. तापलेल्या इंजिनाची अडचण तिच्या रचनाकारांनाही ठाऊक होती; म्हणूनच चालकाच्या हाताशी त्यांनी एका सहायक विद्युत पंपाची कळ दिली होती. पुढे १९७३ पासून पोर्शे ९११ मालिकेत बॉश कंपनीची 'के-जेट्रॉनिक' ही पद्धती आली. हिच्यात इंजेक्टर टप्प्याटप्प्याने न उडवता अखंड फवारा देत राहतात. पुढील विवेचन मुख्यतः हिला अनुलक्षून आहे.

पेट्रोल केव्हा उकळते?

पाणी शंभर अंशांना उकळते, असे आपण पाठ केलेले असते. त्यात 'समुद्रसपाटीवर' हा शब्द गाळला तर विधान अपुरे राहते. कारण द्रव केव्हा उकळेल हे केवळ तापमानावर नव्हे, तर त्यावर असलेल्या दाबावरही अवलंबून असते. द्रवाचा बाष्पदाब बाहेरील दाबाइतका झाला की द्रव उकळू लागतो. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंच आहे. येथे हवेचा दाब सुमारे ०.९५ बार असतो आणि पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळते.

पेट्रोल हा तर एक पदार्थच नव्हे. ते अनेक हायड्रोकार्बनांचे मिश्रण आहे. त्यातील हलके घटक ३५-४० अंशांनाच उकळू लागतात, जड घटकांना दोनशे अंश लागतात. ३८ अंशांना ज्याचा बाष्पदाब ०.६ बार आहे असे पेट्रोल उदाहरणासाठी घ्या. तापमान सुमारे वीस अंशांनी वाढले की हा दाब साधारण दुप्पट होतो. ढोबळ हिशेबाने ५८ अंशांना तो १.२ बार आणि ८० अंशांना २.४ बार होईल. म्हणजे इंदूरच्या मोकळ्या हवेत हे पेट्रोल ५० अंशांच्या आसपासच उकळेल. मे महिन्यात सावलीतील हवाच जेथे ४० अंशांच्या वर जाते, तेथे तापलेल्या इंजिनाला टेकलेल्या नळीतील पेट्रोलची काय कथा!

ते ८० अंशांनाही द्रव ठेवायचे असेल तर एकच उपाय: त्याच्यावर एकूण २.४ बारपेक्षा अधिक दाब ठेवणे. दाबमापकाचे शून्य म्हणजे बाहेरील हवेचा दाब; म्हणून ०.९५ वजा करता मापकावर सुमारे दीड बार दिसला पाहिजे. हा दीडचा आकडा वाचकांनी लक्षात ठेवावा. पुढील सारे निदान त्याच्याभोवती फिरणार आहे.

इंजिन थांबते, उष्णता वाढते

येथे एक विपरीत वाटणारी गोष्ट समजून घेतली पाहिजे. इंजिन बंद केल्यावर ते लगेच थंड होऊ लागते, हा समज बरोबर नाही. इंजिन चालू असताना पंखा, वाहणारी हवा आणि सतत फिरणारे थंड पेट्रोल ही तिन्ही उष्णता वाहून नेत असतात. कळ फिरवून इंजिन थांबवताच ती तिन्ही एकदम थांबतात. पण धातूत साठलेली उष्णता तेथेच असते. ती आता नळ्यांत, इंजेक्टरांत आणि बॉनेटखालील कोंडलेल्या हवेत पसरते. त्यामुळे बंद केल्यानंतर पंधरा ते तीस मिनिटे इंधनाच्या नळ्यांचे तापमान वाढतच जाते आणि मग हळूहळू उतरते.

उदाहरणार्थ, अशी एक मोटार विमानतळाकडून राजवाड्याकडे निघाली आहे अशी कल्पना करा. मे महिन्याची दुपार आहे. बडा गणपतीच्या चौकात गाडी बाजूला लावून मंडळी त्या पंचवीस फुटी भव्य मूर्तीचे दर्शन घ्यायला गेली. दोन मिनिटांत परतली असती तर गाडी सुरू झाली असती, कारण उष्णता अजून नळ्यांपर्यंत पोचली नव्हती. संध्याकाळी परतली असती तरी सुरू झाली असती, कारण तोवर सारे निवले असते. पण वीस मिनिटांनी, उष्णता ऐन शिखरावर असताना ती परतली. आणि नेमकी तेव्हाच गाडी अडून बसली. 'किती वेळ थांबवल्यावर अडते?' हा प्रश्न म्हणूनच निदानातील पहिला प्रश्न आहे.

एक लक्षण, परस्परविरुद्ध कारणे

लक्षण एकच: स्टार्टर जोमाने फिरतो, पण इंजिन पेटत नाही. याची कारणे मात्र तीन असू शकतात, आणि त्यांपैकी पहिली दोन एकमेकांच्या अगदी उलट आहेत.

पहिले कारण, पेट्रोलची उणीव. नळ्यांत पेट्रोलची वाफ झाली आहे. वाफ दाबली जाते, द्रव दाबला जात नाही. त्यामुळे पंपाचे सारे बळ वाफ चेपण्यात खर्च होते आणि इंजेक्टरांतून फवाऱ्याऐवजी फुसकारे निघतात. यालाच वेपर लॉक म्हणतात; आपण त्यास बाष्परोध म्हणू. अशी गाडी बराच वेळ 'सेल्फ मारल्यावर' अडखळत सुरू होते, काही क्षण खोकते आणि मग सुरळीत चालते.

दुसरे कारण, पेट्रोलचा अतिरेक. इंजेक्टरची टोके झिजल्यामुळे पेट्रोल थेंबथेंब गळून इंजिनाच्या श्वासनलिकेत साचते. किंवा थंड इंजिनास जादा पेट्रोल देणारा स्वतंत्र इंजेक्टर गरम असतानाही उघडतो. मिश्रणात हवेपेक्षा पेट्रोल फार होते, स्पार्क प्लग भिजतात आणि ठिणगी विझते. येथे पेट्रोलचा उग्र वास येतो, आणि गाडी सुरू झालीच तर सायलेन्सरमधून काळा धूर निघतो.

तिसरे कारण, ठिणगीचा अभाव. इग्निशन कॉइल किंवा तिच्या जोडीचे विद्युत उपकरण थंड असताना ठीक असते आणि तापल्यावर दगा देते. येथे पेट्रोलचा काही दोष नसतो.

आता पाहा, पहिल्या रोगावरचा उपाय दुसऱ्या रोगाला विषासारखा आहे. उणीव समजून अधिक पेट्रोल देण्याची युक्ती केली आणि रोग अतिरेकाचा निघाला, तर प्लग अधिकच भिजतील. अतिरेक समजून पेट्रोलची वाट बंद केली आणि रोग बाष्परोधाचा निघाला, तर बॅटरी संपेपर्यंत स्टार्टर फिरेल. म्हणून अंदाजाने औषध देणे येथे केवळ निरुपयोगी नव्हे, तर अपायकारक ठरते.

ओल्या फडक्याचा धडा

आपल्याकडील जुन्या चालकांना बाष्परोधाची ओळख पुस्तकांनी नव्हे, अनुभवाने झाली होती. घाट चढताना फियाट अडली की चालक बॉनेट उघडून पेट्रोलच्या पंपावर ओले फडके ठेवीत. मुंबई-आग्रा रस्त्यावरील घाटांत, खंडाळ्याच्या घाटात हे दृश्य नेहमीचे होते. हा उपाय अंधश्रद्धा नव्हता. फियाटचा पंप इंजिनालाच जोडलेला असे आणि मागच्या टाकीतील पेट्रोल तो ओढून घेई. ओढताना नळीतील दाब हवेच्या दाबाहूनही कमी होतो, म्हणून तेथे पेट्रोल आणखी लवकर उकळते. फडक्यातील पाणी बाष्पीभवनासाठी लागणारी उष्णता पंपाकडून घेई, पंप निवे आणि वाफेचे पुन्हा पेट्रोल होई. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सींचे युग ऑक्टोबर २०२३ मध्ये संपले; त्यांच्याबरोबर हे फडकेही इतिहासजमा झाले.

इंजेक्शनच्या मोटारीत मात्र हे फडके अपुरे पडते. तिचा विद्युत पंप बहुधा टाकीजवळ असतो, तो पेट्रोल ओढण्याऐवजी ढकलतो, आणि चालू स्थितीत दाब पाच बारच्या आसपास असल्याने पेट्रोल सहसा उकळतच नाही. तिचा प्रश्न चालताना नसून थांबल्यावर आहे. म्हणून रचनाकारांनी दाब टिकवण्यासाठी दोन पहारेकरी नेमले आहेत. पंपाच्या तोंडाशी एक एकमार्गी झडप असते. ती पेट्रोलला परत टाकीकडे जाऊ देत नाही. दुसरा पहारेकरी दाबसंचयक. या डबीत एक पडदा व त्यामागे स्प्रिंग असते. पंप चालू असताना पेट्रोल स्प्रिंग दाबून ठेवते, आणि पंप थांबल्यावर तीच स्प्रिंग पेट्रोलवर दाब धरून ठेवते. यामुळे जो दाब उरतो त्यास शेष दाब म्हणावे.

दाबमापकाची साक्ष

निदानाचा क्रम आता सुलभ होतो. प्रथम ठिणगी पाहावी. गाडी अडलेली असतानाच ठिणगी मिळत असेल तर तिसरे कारण वगळता येते. गाडी थंड झाल्यावर केलेल्या परीक्षेला येथे काही अर्थ नाही. रोगी बरा असताना ताप मोजून काय उपयोग?

मग इंधनाच्या मार्गावर दाबमापक जोडावा. पंप चालवून चालू दाब पाहावा आणि पंप थांबवावा. काटा झटकन खाली येऊन इंजेक्टर ज्या दाबाला उघडतात त्याच्या किंचित खाली स्थिरावतो. हे तीन बारच्या आसपास घडते आणि ते स्वाभाविकच आहे. त्यास दोष समजू नये. खरी परीक्षा पुढे आहे. दहा, वीस आणि तीस मिनिटांनी काटा कोठे आहे याची नोंद करावी. त्या त्या मोटारीच्या दुरुस्ती-पुस्तिकेत दिलेला आकडा हाच प्रमाण मानावा; पण तो दीड बारच्या आसपास का असतो, हे आपल्या वरील हिशेबावरून आता ध्यानात येईल.

वीस मिनिटांनीही दाब टिकून असेल तर बाष्परोधाचा संशय बराच दूर होतो. मग थंड इंजिनासाठी असलेल्या इंजेक्टरची विद्युत जोडणी काढून पाहावी. गाडी आता गरम असतानाही सुरू होऊ लागली, तर तो इंजेक्टर अकारण उघडत होता हे सिद्ध झाले.

दाब शून्यावर आला असेल तर मात्र एवढ्यावर निष्कर्ष काढू नये. दाब गेला, हे मापकाने सांगितले. तो कोठे गेला, हे त्याने सांगितलेले नाही. पेट्रोल मागे टाकीकडे गेले असेल तर पेट्रोलची उणीव होईल. पुढे इंजिनात गळले असेल तर अतिरेक होईल. मापकावरचा आकडा दोन्हींत सारखाच! म्हणून मार्गाचे भाग एकेक करून बंद करावे लागतात. पंप आणि दाबसंचयक यांच्यामध्ये तोटी बसवून ती बंद केली असता दाब टिकला, तर दोष पंपाच्या एकमार्गी झडपेत आहे. टाकीकडे परतणारी वाट बंद केल्यावर टिकला, तर दोष दाबनियामकात आहे. दोन्ही वाटा बंद असूनही काटा उतरत राहिला तर दोनच संशयित उरतात: दाबसंचयकाचा फाटका पडदा, किंवा गळके इंजेक्टर. इंजेक्टर बाहेर काढून, कोरड्या कागदावर धरून पाहिले की थेंबच साक्ष देतात.

एका वेळी एकच भाग बदलावा आणि तीच परीक्षा, तेवढ्याच वेळाने, तेवढ्याच उन्हात पुन्हा करावी. चार भाग एकदम बदलले आणि गाडी सुरू झाली, तर गाडी दुरुस्त झाली खरी. पण ज्ञानात भर पडली नाही, आणि तीन चांगले भाग फुकट गेले.

दोन इशारे

पहिला इशारा इंधनाबद्दल. २०२५ पर्यंत आपल्या देशात २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल सर्वत्र रूढ झाले. शुद्ध इथेनॉल ७८ अंशांना उकळते, पण पेट्रोलमध्ये मिसळल्यावर ते मिश्रणाचा बाष्पदाब वाढवते. ही वाढ दहा टक्क्यांच्या आसपास सर्वाधिक असते आणि पुढे किंचित कमी होते. शिवाय जुन्या काळच्या रबरी नळ्या व पडदे इथेनॉलचा विचार करून बनवलेले नव्हते. ते फुगतात, तडकतात. तेव्हा ज्या गाडीने चाळीस वर्षे तक्रार केली नाही, तिने आता तक्रार केली तर नवल नाही.

दुसरा इशारा अधिक महत्त्वाचा. पाच बार दाबाचे पेट्रोल सैल जोडातून उडाले आणि तापलेल्या धातूवर किंवा ठिणगीवर पडले, तर क्षणात आग लागते. हे प्रयोग विद्यार्थ्यांनी स्वतः करावयाचे नाहीत. जाणत्या कारागिराच्या देखरेखीखाली, मोकळ्या हवेत, अग्निशामक जवळ ठेवूनच ते करावयाचे असतात. बॉनेटखालून पेट्रोलचा वास आला की स्टार्टर फिरवणे थांबवावे, हा नियम तर प्रत्येक चालकाने पाळावा. या ठिकाणी चुकीच्या निदानाची किंमत केवळ रुपयांत मोजता येत नाही.

उपसंहार

या विवेचनाचा उपयोग मोटारीपुरताच आहे असे नाही. ताप हे लक्षण आहे, रोग नव्हे, हे वैद्य जाणतो. पीक पिवळे पडले ते पाणी कमी झाल्याने की अधिक झाल्याने, हे शेतकऱ्याला ठरवावे लागते. येथेही लक्षण एक आणि कारणे परस्परविरुद्ध. गणितात नापास झालेल्या मुलाला अभ्यास कमी पडला, की अभ्यासाच्या ओझ्याने तो दमून गेला, हे न पाहता जो शिक्षा करतो, तो पंप न तपासता इंजेक्टर बदलणाऱ्या कारागिराचाच भाऊ म्हणावा लागेल. लक्षण पाहून थांबू नये, मोजावे. मोजून थांबू नये, जे मोजले त्याचा अर्थ लावावा. आणि अर्थ लावल्यावर तो पुन्हा कसाला लावून पाहावा. तापलेल्या मोटारीने हा पाठ ज्याला शिकवला, त्याची वीस मिनिटांची खोळंबा-भरपाई पुरेपूर झाली असे समजावे.

विचारासाठी प्रश्न

१. हीच मोटार महू-इंदूर परिसराऐवजी समुद्रकाठच्या मुंबईत असती, तर पेट्रोल उकळण्याच्या तापमानात कोणता फरक पडला असता?

२. थांबल्यावर बॉनेट उघडे ठेवल्याने गाडी सुरू झाली. यावरून तीन कारणांपैकी कोणते निश्चितपणे वगळता येईल? का येणार नाही?

३. शेष दाब टिकून आहे, ठिणगीही चांगली आहे, तरी प्लग ओले आहेत. पुढची परीक्षा कोणती कराल?

४. ओल्या फडक्याऐवजी कोरडे फडके ठेवले असते तर पंप निवला असता काय? बाष्पीभवनाच्या उष्णतेचा आधार घेऊन उत्तर द्या.